ब्रेक दाबला की दिवा मंद, इंडिकेटरही मिणमिणतात: दुरुस्ती करावी की सरळ एलईडी बसवावा?

माहीमकरीण
११० सीसी स्कूटर, २०१३ चं मॉडेल, पुढे-मागे ड्रम ब्रेक. मागचा दिवा साध्या बल्बचा, १२ व्होल्ट २१/५ वॅट. लक्षणं सविस्तर लिहिते, म्हणजे अंदाज बांधायला सोपं जाईल.

इंजिन बंद, चावी चालू. उजवा लिव्हर दाबला की ब्रेक लाइट लागतो, पण पिवळट-लाल. दुपारच्या उन्हात मागच्याला तो दिसणारच नाही. त्याच वेळी अंधारात पाहिलं तर मागचे दोन्ही इंडिकेटर विझत आलेल्या निखाऱ्यासारखे लालसर मिणमिणतात. इंजिन सुरू असताना ब्रेक दाबला की टेल लाइट किंचित मंदावतो. डावा लिव्हर तर दोन-तीनदा दाबावा तेव्हा कुठे दिवा लागतो.

बल्ब नवा टाकून पाहिला, फरक शून्य. हॉर्न खणखणीत वाजतो, फ्यूज शाबूत आहे. गाडी रात्रंदिवस उघड्यावर असते आणि समुद्र जवळ. मेकॅनिक म्हणतो, "एलईडी बल्ब टाका, झगझगीत दिसेल." मल्टीमीटर आहे, सोल्डरिंग येतं. आधी काय तपासू? आणि एलईडीने हा प्रश्न सुटेल का?

पाना_दहा
ताई, एलईडीचा विषय तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही सांगितलेली लक्षणं अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीच्या उणे टोकाकडे परत नेणारी वाट) तुटल्याची आहेत. बल्बचा दोष नाही.

२१/५ च्या बल्बात दोन फिलामेंट असतात. मोठी ब्रेकची, बारीक टेलची. दोघींची एक-एक बाजू तळाच्या दोन बिंदूंवर येते, दुसरी बाजू मात्र बल्बच्या पितळी टोपीवर एकत्र. टोपीतून होल्डर, होल्डरमधून अर्थची तार, तिथून बॅटरीचं उणे टोक. या परतीच्या वाटेत गंज आला की करंट दुसरी वाट शोधतो. तुमच्याकडे तो इंडिकेटरच्या बल्बमधून परततोय: मागच्या इंडिकेटरच्या टोपीतून उलटा शिरतो, त्याच्या फिलामेंटमधून पुढच्या इंडिकेटरकडे जातो आणि पुढच्या अर्थला मिळतो. नीट पाहिलंत तर पुढचे इंडिकेटरही तितकेच मिणमिणत असतील.

आता महत्त्वाचं. दोष फक्त होल्डरच्या आत असता, तर टोपी उणे टोकापासून तुटली असती, पण इंडिकेटरची अर्थ ठीक राहिली असती आणि ते मिणमिणलेच नसते. इंडिकेटरही सामील आहेत याचा अर्थ खराबी टेल आणि इंडिकेटर यांच्या सामायिक अर्थमध्ये आहे. म्हणजे दिव्यातून निघालेली तार मुख्य वायरिंगला जिथे मिळते ते कपलर, किंवा त्याच्यापुढचा जोड. काच खोलण्याआधी तिथे पोहोचा.

तांब्याची_तार
पाना_दहा यांच्याशी सहमत. फक्त अंदाजावर कपलर कापू नका, मीटर दोष कुठे आहे ते बोटभर अंतरापर्यंत सांगतो.

कंटिन्युइटीचा बीप इथे कामाचा नाही. गंजलेली पिनही बीप देते, कारण मीटर तिच्यातून काही मिलिअँपिअरच सोडतो. २१ वॅटची फिलामेंट १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर ओढते. तेवढा करंट वाहत असतानाच मोजायला हवं.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. चावी चालू, इंजिन बंद. लिव्हर रबरबँडने किंवा वेल्क्रोने दाबून बांधा. काळी प्रोब बॅटरीच्या थेट उणे टोकावर, ती हलवायची नाही. लाल प्रोब आधी बल्बच्या टोपीवर, मग होल्डरच्या पत्र्यावर, मग अर्थच्या तारेवर कपलरच्या दिव्याकडच्या बाजूला, मग त्याच तारेवर कपलरच्या वायरिंगकडच्या बाजूला, शेवटी फ्रेमवरच्या अर्थ बोल्टवर. टोपीवर ०.२ व्होल्टपर्यंत आकडा चालतो. त्याहून जास्त असेल तर ज्या दोन ठिकाणांमध्ये आकडा एकदम उतरतो, तिथे दोष.

नंतर धन बाजू: काळी प्रोब तिथेच, लाल बल्बच्या ब्रेकच्या बिंदूवर. बॅटरीच्या आकड्यापेक्षा इथे अर्धा व्होल्ट कमी असला तरी चालतं. इग्निशन स्विच, लिव्हरचा स्विच आणि चार-पाच जोड पार करून करंट येतो.

मागच्या पिनला टोक टेकत नसेल तर कपलरच्या मागून तारेच्या कडेने टाचणी सरकवा. तारेचं आवरण मध्येच टोचू नका. खाऱ्या हवेत त्या भोकातून ओल शिरते आणि महिन्याभरात आतलं तांबं काळं पडतं.

एक सावधगिरी. या गाड्यांच्या बॅटऱ्या तीन ते पाच अँपिअर-अवरच्या. ब्रेक लाइट दहा मिनिटं सतत जळत ठेवला की त्यातला ०.३ अँपिअर-अवर संपतो. मोजा आणि लिव्हर सोडा.

शीवकर
तारांचे रंग शोधताना गोंधळ नको म्हणून: होंडाच्या स्कूटरमध्ये हिरवी अर्थ, हिरव्यावर पिवळी रेघ ब्रेकची, ब्राऊन टेलची. यामाहात काळी अर्थ, पिवळी ब्रेक, निळी टेल. सुझुकीत काळ्यावर पांढरी रेघ अर्थ. जुन्या गाडीत आधीच्या कुणी मिळेल त्या रंगाची तार जोडलेली असू शकते, म्हणून रंग हा इशारा समजा, पुरावा मीटरचा.

माहीमकरीण
मोजलं. पुढचे इंडिकेटर खरोखरच मिणमिणतात, दिवसा लक्षात येत नव्हतं.

ब्रेक दाबलेला असताना बॅटरी १२.४. ब्रेकच्या बिंदूवर ११.९. टोपीवर ३.२. कपलरच्या दिव्याकडच्या बाजूला अर्थच्या तारेवर २.८. कपलरच्या वायरिंगकडच्या बाजूला ०.२. फ्रेमच्या बोल्टवर ०.१.

कपलर मागच्या पॅनेलखाली आहे. अर्थच्या पिनभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालंय, पिनेवर हिरवट थर आहे.

तांब्याची_तार
सापडलं. ३.२ पैकी २.६ व्होल्ट त्या एका पिनेत जातात, ०.४ होल्डरमध्ये.

बल्बला मिळतात ११.९ वजा ३.२, म्हणजे ८.७ व्होल्ट. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीस टक्के पडतो. ८.७ व्होल्टला तुमचा दिवा पूर्ण उजेडाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर आहे. पिवळट-लाल दिसतो तो यामुळे.

प्लास्टिक तपकिरी का झालं तेही यातच आहे. २.६ व्होल्ट गुणिले दीड अँपिअर, म्हणजे जवळजवळ चार वॅट उष्णता एका छोट्या पिनेवर. सिग्नलला लिव्हर धरून उभं राहिलं की दर वेळी ती पिन भाजते. भाजलेल्या पिनेची स्प्रिंग ढिली होते, पकड सुटते, रोध वाढतो, पिन आणखी भाजते. नुसती घासून ही पिन टिकणार नाही. बदलाच.

पाना_दहा
आता काम कसं करायचं ते सांगतो. बॅटरीचं उणे टोक आधी सोडा.

कपलरमधली पिन ओढून निघत नाही. पिनेच्या पाठीवर एक बारीक जीभ असते, ती घराच्या खाचेत अडकते. समोरच्या बाजूने घड्याळाचा छोटा चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून जीभ दाबायची आणि तार मागून ओढायची. नर आणि मादी दोन्ही पिना बदला. एक जुनी ठेवलीत तर नवीही तिच्याबरोबर भाजेल. नव्या पिना त्याच रुंदीच्या घ्या. जुनी पिन सोबत घेऊन गेलात तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्पेअरच्या दुकानात जोडी जुळवून मिळते. प्लास्टिक वाकलं असेल तर आख्खं कपलर घ्या.

तार कापल्यावर तांबं बघा. लखलखीत असेल तर तिथेच पिन लावा. काळं असेल तर आणखी चार-पाच सेंटिमीटर मागे या, पुन्हा कापून बघा. ओल केशाकर्षणाने तारेच्या आत चढते, त्यामुळे आवरण बाहेरून नवं दिसलं तरी आत काजळी असते. काळ्या तांब्यावर पिनही धड बसत नाही आणि सोल्डरही धरत नाही. तार आखूड पडली तर ०.७५ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तार जोडा, पावणेदोन अँपिअरला ती पुरून उरते.

पिन क्रिम्प करा, सोल्डर नको. सोल्डर तारेच्या आत झिरपून तिला ताठ करतं आणि स्कूटरच्या थरथरीने ती नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. क्रिम्पिंगच्या पकडीने पुढचे पंख तांब्यावर, मागचे पंख आवरणावर दाबा. जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी. साधी नळी पाणी अडवत नाही आणि काळी टेप तर दोन पावसाळ्यांत चिकट लगदा होते.

होल्डरमधले ०.४ व्होल्टही सोडू नका. काच काढा, बल्ब दाबून फिरवून काढा. होल्डरच्या आतल्या भिंती ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा. तळाचे दोन बिंदू फायबरच्या चकतीवर स्प्रिंगवर बसलेले असतात. चकती बोटाने दाबून सोडली की उसळून वर यायला हवी. मरगळलेली स्प्रिंग असेल तर खड्ड्यात दिवा लुकलुकेल, मग होल्डरच बदला. अर्थची तार होल्डरच्या पत्र्याला रिव्हेटने ठोकलेली असते आणि रिव्हेटखाली गंज हमखास असतो. तिथे पत्रा घासून, फ्लक्स लावून ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने तार सोल्डर करा. इथे सोल्डर चालतं, मात्र तार लगेच क्लिपेत धरा म्हणजे हलणार नाही. २५ वॅटचं आयर्न घेऊ नका, पत्रा उष्णता खाऊन टाकतो आणि जोड कच्चा राहतो.

शेवटी सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात, सगळं घट्ट बसल्यावर. ग्रीस वीज वाहत नाही. धातूला धातू टेकलेला आहे त्या भोवती ओल येऊ न देणं एवढंच त्याचं काम. व्हॅसलिन कपलरला चालेल, होल्डरला नाही. बल्बच्या उष्णतेने ते वितळून काचेवर उतरतं.

भांडुपवाला
काच स्वच्छ करायला पेट्रोल, थिनर काही लावू नका. अॅक्रिलिकला केसासारख्या चिरा पडतात, आज नाही दिसल्या तरी महिन्याभरात दिसतात. साबणाचं पाणी पुरे. आणि फवारणीचं तेल म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनर नव्हे. तेलाचा थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. कॉन्टॅक्ट क्लीनरची बाटली वेगळी मागा.

पावसाळी
काचेच्या कडेने सिलिकॉन भरायचा मोह होतो, तो आवरा. दिव्याच्या तळाला पाणी निथळायचं भोक असतं. बल्ब तापला की हवा बाहेर जाते, थंड झाला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. भोक बुजवलं तर ती वाफ आतच साचते आणि होल्डर आतून कुजतो. सील करायचीच असेल तर फक्त वरची कड आणि दोन्ही बाजू. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, सुकताना त्यातून अॅसेटिक आम्ल निघतं आणि ते तांब्याला खातं. डब्यावर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. सगळ्यांत चांगलं म्हणजे नवं रबर गॅस्केट.

मिलन सबवे किंवा हिंदमाताला साठलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर त्याच दिवशी मागचं पॅनेल खोलून कपलर सुटे करा आणि वाळू द्या. पाणी ओसरलं तरी कपलरच्या खोबणीत थेंब राहतात. वीज आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की पिन हिरवी व्हायला फार दिवस लागत नाहीत.

रात्रपाळी
डाव्या लिव्हरचं कुणी बोललं नाही. तो वेगळा दोष आहे.

दोन्ही लिव्हरना स्वतंत्र स्विच असतात आणि दोन्ही समांतर जोडलेले. उजव्याने दिवा लागतो, डाव्याने कधीकधीच, म्हणजे डावा स्विच खराब किंवा लिव्हर त्याला नीट सोडत नाही. मीटर न काढताही एक तपासणी होते. बहुतेक स्कूटरमध्ये ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, कारण स्टार्टर रिलेला वीज याच स्विचमधून जाते. फक्त डावा लिव्हर दाबून सेल्फ मारा. सेल्फ फिरला आणि दिवा लागला नाही तर स्विच ठीक, दोष पुढे बल्बकडे. सेल्फही फिरला नाही तर स्विचच.

मीटरने पाहायचं तर लिव्हर दाबून स्विचच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज बघा. ०.१, ०.२ असेल तर चांगला. १२ आले तर स्विच आत जुळतच नाही. मधेच लटकलेला आकडा असेल तर आतले बिंदू जळलेत.

स्विच म्हणजे प्लास्टिकचं छोटं घर आणि त्यातून बाहेर आलेली टिकली. लिव्हर सुटलेला असताना लिव्हर ती टिकली आत दाबून ठेवतो, ओढला की टिकली बाहेर येते आणि दिवा लागतो. धुळीने आणि वॉशिंग सेंटरच्या जेटच्या पाण्याने टिकली आतच अडकते, मग दोन-तीनदा लिव्हर झटकावा लागतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पंधरा-वीसदा दाबा, सुटली तर काही महिने चालेल. स्विच स्वस्त आहे, बदलणंच बरं. एक स्क्रू किंवा एक खटका, आणि दोन चपट्या पिना. लिव्हरचा पिव्होट बोल्ट काढून जुनं वाळलेलं ग्रीस पुसा, नवं लावा. लिव्हर पूर्ण परत येत नसेल तर उलटा दोष होतो: ब्रेक लाइट लागलेलाच राहतो. मागच्याच्या दृष्टीने तो बंद दिव्याइतकाच वाईट, कारण तुम्ही कधी थांबताय ते त्याला कळत नाही.

लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. दिवा त्या चालीतच, शू ड्रमला टेकायच्या आधी लागला पाहिजे.

माहीमकरीण
फक्त डाव्या लिव्हरवर सेल्फ फिरत नाही. म्हणजे स्विच. तो आणि पिना दोन्ही बदलते.

एलईडीचं मात्र अजून मनात आहे. अर्थ दुरुस्त झाल्यावर बसवला तर फायदा आहे का? लाल घ्यावा की पांढरा?

शीवकर
फायदा आहे, आणि तो उजेडापेक्षा वेगाचा आहे. फिलामेंट तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा पाचवा भाग जातो, एलईडी तत्काळ लागतो. ५० किलोमीटरच्या वेगाने मागचा माणूस ०.२ सेकंदात पावणेतीन मीटर पुढे येतो. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर पावसात मागे चिकटलेल्या टेम्पोच्या बाबतीत हे अंतर लहान नाही. शिवाय फिलामेंट खड्ड्यांनी तुटते, एलईडीत तुटायला फिलामेंटच नाही. म्हणून मी एलईडीच्या बाजूने आहे, पण चांगल्या एलईडीच्या.

तांब्याची_तार
वेगाचा मुद्दा खरा. पण दुकानात काउंटरवर लावून दाखवतात तो उजेड पाहून घेऊ नका.

ब्रेक लाइट किती झगझगीत आहे यापेक्षा टेलच्या तुलनेत तो किती उसळतो हे मागच्याला दिसतं. पी २१/५ डब्ल्यू बल्बचं प्रमाण ब्रेकला ४४० ल्युमेन, टेलला ३५. बारा पटींहून जास्त. स्वस्त एलईडी बल्बात टेलच इतका तेज ठेवतात की ब्रेक दाबल्यावर दोन-तीन पटींचाच फरक पडतो. रात्री, भिजलेल्या व्हायझरमधून बघणाऱ्याला ब्रेक लागला की नाही हे कळतच नाही. असा बल्ब दिवा वाढवत नाही, खुणेची धार घालवतो.

दुसरी गोष्ट आरशाची. दिव्यामागचा परावर्तक फिलामेंट जिथे असते त्या बिंदूसाठी घडवलेला असतो. एलईडी बल्बच्या फक्त डोक्यावर दिवे असतील तर मध्ये एक टिपका दिसतो आणि बाकीची काच अंधारी. चहूबाजूंनी दिवे असलेला बल्ब बघा, आणि ते दिवे जुन्या फिलामेंटच्या उंचीलाच हवेत. एकूण लांबीही जुन्याशी ताडून पाहा, काचेला टेकता कामा नये.

तळ बीएवाय १५ डी. त्याच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. समोरासमोर सारख्या उंचीच्या खुंट्या असलेला बल्ब एकाच फिलामेंटचा, तो इथला नव्हे. खुंटी घासून किंवा जोर लावून उलटा बसवला की टेलच्या जागी २१ वॅट सतत जळतो आणि काच वितळते.

भांडुपवाला
रंगाबद्दल. लाल काचेमागे लाल एलईडी. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा-हिरवा भाग मोठा असतो, लाल काच तो सगळा गिळते आणि बाहेर फिकट गुलाबीसर दिवा येतो. पण बऱ्याच स्कूटरच्या टेल लाइटच्या खालच्या बाजूला पारदर्शक खिडकी असते, त्यातून नंबर प्लेटवर उजेड पडतो. तिथे लाल बल्ब बसवला की प्लेट लाल दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०५ सांगतो की मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसावा आणि नंबर प्लेट पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता यावी. तुमच्या दिव्याला खाली खिडकी असेल तर असा बल्ब शोधा ज्याचे बाकीचे दिवे लाल आणि खालच्या बाजूचे पांढरे आहेत. नाही मिळाला तर साधा बल्बच राहू द्या.

लुकलुकणारे ब्रेक लाइटही दुकानात सर्रास मिळतात. नको. लुकलुकणारा दिवा आपल्या रस्त्यावर वळणाची खूण आहे, मागच्याने क्षणभर विचार केला की ती पावणेतीन मीटरची कमाई गेली.

पाना_दहा
ताई, २०१३ ची गाडी आहे म्हणून एक महत्त्वाचा प्रश्न. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी टेल लागतो का?

माहीमकरीण
नाही. इंजिन सुरू झाल्यावरच लागतो, आणि पिकअप दिला की उजळतो.

पाना_दहा
मग टेल मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनने फिरणाऱ्या जनित्राच्या, एसीवर (उलटसुलट वाहणाऱ्या करंटवर) आहे आणि ब्रेक बॅटरीच्या डीसीवर (एकाच दिशेच्या करंटवर). खात्रीसाठी इंजिन सुरू ठेवून टेलच्या तारेवर मीटर आधी डीसी, मग एसीवर लावा. डीसीवर शून्याच्या आसपास किंवा उणे आणि एसीवर सात-आठच्या वर दिसलं तर एसीच. लहर अर्धीच असल्याने आकडा तंतोतंत नसतो, पण ओळख पटते. एप्रिल २०१७ पासून हेडलाइट आपोआप चालू राहायची सक्ती आली. त्यानंतरच्या गाड्यांतही दिवे इंजिनबरोबरच लागतात, त्यामुळे नुसत्या चावीवरून निष्कर्ष काढू नये, मीटर लावावा.

एसीवर साधा एलईडी बल्ब आयडलिंगला फडफडतो. काही गाड्यांत चार्जिंगला लहरीचा एक अर्धा भाग जातो आणि दिव्यांना दुसरा, उलट दिशेचा, तिथे तो लागतच नाही. आतमध्ये ब्रिज (एसीची डीसी करणारं सर्किट) असलेला बल्बही इथे धोक्याचा. टेलची तार उणे १३ वर असते त्या क्षणी ब्रेकची तार अधिक १२ वर असेल, तर बल्बच्या आतल्या सर्किटला दोन्हींची बेरीज, २५ व्होल्ट बसतात. "एलईडी महिन्यात गेला" या तक्रारीमागे हे कारण असू शकतं.

उपाय: टेलची तार फक्त दिव्याच्या कपलरपाशी सोडा, वायरिंगकडचं टोक हीट श्रिंकने बंद करून बांधून ठेवा. दिव्याकडच्या टोकाला चावीनंतरची, फ्यूजमधून आलेली डीसी द्या. होंडाच्या रंगात ती काळी तार. स्पीडोमीटरचा दिवा आणि पुढचे दिवे जुन्या तारेवरच राहू द्या, सगळा भार बॅटरीवर आणू नका. एलईडी टेल एखादा वॅटच घेतो, तेवढा बॅटरीला जड नाही. यानंतर चावी चालू असेल तोवर टेल लागलेला राहील.

आणि इंजिन सुरू असताना बॅटरीवर व्होल्टेज पाहा. पिकअप देऊन १३.५ ते १४.८ मध्ये राहिलं पाहिजे. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय, तो आधी बदला. फिलामेंटला ५ टक्के जास्त व्होल्टेज मिळालं की तिचं आयुष्य निम्मं होतं, एलईडीही त्यात भाजतो.

रात्रपाळी
आख्खा एलईडी टेल लाइटचा सेट घ्यायचा विचार असेल तर काचेवर गोलात ई आणि शेजारी आकडा असं प्रमाणनाचं चिन्ह बघा, आणि सोबत लाल रिफ्लेक्टर आहे की नाही तेही. वीज गेली, वायर तुटली, तरी मागच्या हेडलाइटमध्ये चमकतो तो रिफ्लेक्टर. काळी केलेली स्मोक काच कधीच नाही.

माहीमकरीण
कपलरच्या दोन्ही पिना, होल्डरची अर्थ, डावा स्विच, तिन्ही झालं. नवे आकडे: बॅटरी १२.३, ब्रेकच्या बिंदूवर ११.७, टोपीवर ०.१५. बल्ब साधाच, २१/५. दिवा पांढऱ्याकडे झुकणारा लाल, दुपारी दहा-बारा पावलांवरून स्पष्ट दिसतो. इंडिकेटर अंधारातही काळेकुट्ट. डाव्या लिव्हरवर पहिल्याच दाबाला लागतो, सेल्फही फिरतो.

पिकअपवर बॅटरी १४.३. टेलच्या तारेवर डीसी उणे, एसीवर अकराच्या आसपास. दिव्याखाली पारदर्शक खिडकी आहे. म्हणजे एलईडी हवा असेल तर खालून पांढरे दिवे असलेला बल्ब, वर टेल डीसीवर आणायचं काम.

तांब्याची_तार
बल्बला ११.५५ व्होल्ट मिळतायत. आधीच्या ८.७ च्या तुलनेत उजेड अडीच पटींहून जास्त. पैसे गेले दोन पिना, एक स्विच आणि हातभर हीट श्रिंक एवढ्यावर.

धन बाजूचे ०.६ व्होल्ट अजून कमी करता येतील. लिव्हरच्या स्विचच्या दोन टोकांत आणि इग्निशन स्विचच्या कपलरवर एकदा मोजा. ०.३ च्या वर जिथे दिसेल तिथली पिन साफ करा. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, टोपीवरचा आकडा पुन्हा घ्या. ०.१५ चा ०.४ झाला असेल तर कपलर उघडायची वेळ आली, दिवा मंद दिसायची वाट बघू नका.

शीवकर
एलईडी घ्यायचाच झाला तर लॅमिंग्टन रोडला रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. जुना बल्ब आणि छोटी १२ व्होल्टची बॅटरी सोबत न्या. दुकानदाराला दोन्ही बिंदू आळीपाळीने लावून दाखवायला सांगा: आधी टेल, मग टेल आणि ब्रेक एकत्र. दुकानाच्या दारात उभं राहून, उजेडाकडे पाठ करून, दहा पावलांवरून बघा. ब्रेक लागल्याचं पहिल्या नजरेत कळलं नाही तर तो बल्ब परत द्या. काढलेला साधा बल्ब कापडात गुंडाळून डिकीत ठेवा, एलईडी वाटेत गेला तर दोन मिनिटांत बसतो. फक्त टेलची तार डीसीवर आणताना फ्यूजनंतर घेतली आहे ना ते पाहा, म्हणजे साध्या बल्बच्या ५ वॅटलाही अडचण येणार नाही.